खाच माझ्या चाकूची

अंकाच्या संपादकबाईंचा फोन आला. म्हणाल्या, काका, तुम्ही आयुष्यभर केबलचे सांधे जोडलेत, तर केबल सोलायचा चाकू कसा निवडावा, त्याला धार कशी लावावी, यावर काहीतरी हलकंफुलकं लिहा, दिवाळीत लोकांना जड वाचवत नाही. मी बरं म्हणालो. आज चौथा दिवस. पेन हातात घेतलं की डोकं तापतं, आणि तापलेल्या डोक्यातून हलकंफुलकं काही निघत नाही. तेव्हा बाई, चाकूची माहिती देतो. पण ती देताना माझा सोबती सखाराम भोये याचं जॉइंटरचं, म्हणजे सांधे जोडायचं, काम हातातून कसं गेलं, तेही सांगणार आहे. ते वगळून छापायचं असेल तर छापूच नका.

डोकं तापायला कारणही घडलं. गेल्या आठवड्यात पंचवटीत भाजी घ्यायला गेलो होतो. सध्या तिकडे गल्लोगल्ली खड्डे खणलेत. एका खड्ड्यात ठेकेदाराचा माणूस अकरा हजार व्होल्टची केबल सोलत बसला होता, आणि हातात काय, तर स्टेशनरीच्या दुकानात मिळतो तो प्लास्टिकचा कटर. पातं मागेपुढे सरकणारा, खाकी पुठ्ठा कापायचा. मी पिशवी खाली ठेवली आणि त्याला विचारलं, बाबा, हे पातं हलतंय, खोली कशी धरतोस? तो म्हणाला, काका, मोबाइलवर व्हिडिओत असंच दाखवतात. मी पिशवी उचलली. बाजारातून मेथी न घेता घरी आलो. मंगलने, म्हणजे आमच्या मंडळींनी, विचारलं, कुणाशी भांडून आलात? म्हटलं, अजून कुणाशी नाही.

ज्यांनी कधी जमिनीखालची केबल उघडी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. वरून ती मनगटाएवढी जाड काळी दोरी दिसते. आत कांद्यासारखे थर. वरचं जाड आवरण, त्याखाली लोखंडी पट्ट्या, त्याच्या आत तीन वेगळ्या तारा. प्रत्येक तारेवर पातळ काळा थर, आणि त्या काळ्याखाली दुधासारखं पांढरं इन्सुलेशन. जॉइंटरची सगळी परीक्षा त्या काळ्या थराशी असते. तो थर नखाच्या जाडीचा. त्यावर चाकूने गोल रेघ मारायची, मग उभी रेघ, आणि साल सोलल्यासारखा तो उचलायचा. रेघ काळ्यात गेली पाहिजे, पांढऱ्याला लागता कामा नये. लागली तर पांढऱ्यावर केसाएवढी खाच राहते, खाचेत हवा राहते, आणि अकरा हजार व्होल्ट त्या हवेला रोज थोडं थोडं जाळत राहतात. वरून स्लीव्ह, म्हणजे गरम केल्यावर आवळणारी नळी, चढवली की ती खाच कुणाला दिसत नाही. चार महिने दिसत नाही, सहा महिने दिसत नाही. मग एक दिवस जमीन फुटते.

म्हणून चाकू. पहिली गोष्ट, चाकू दोन हवेत. एक वाकडा, बाहेरचं आवरण फाडायला, आणि एक सरळ, आतल्या कामाला. सरळ चाकूने आवरणाच्या आतल्या लोखंडाला हात लावायचा नाही. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागेल. दुसरं, चकचकीत स्टीलचा चाकू घेऊ नका. तो दिसायला छान, गंजत नाही, पण धार एकदा गेली की दगडावर तासभर घासा, तो तुमच्याकडे बघत राहतो. साधं काळपट पोलाद घ्या. गंजतं, पुसून ठेवावं लागतं, पण सांगितलेलं ऐकतं. मिटायचा चाकू तर नकोच, जोर दिला की बोटावर मिटतो. टोक असेल तर घासून गोल करा, आपल्याला केबलला भोसकायचं नाही. मूठ लाकडी, ओल्या हातात न फिरणारी. आमच्या वीज मंडळाच्या स्टोअरमधून जे चाकू मिळायचे ते यातल्या एकाही कसोटीला उतरायचे नाहीत. ते मी पेटीत तसेच्या तसे ठेवले, रिटायर होताना नवे कोरे परत केले. स्टोअरकीपरने कौतुक केलं, पगारे, वस्तू जपून वापरता हो.

आता धार. धारेचं ज्ञान माझं नाही, भोयेचं आहे.

सखाराम भोये हरसूलकडचा, डोंगरातल्या आदिवासी पाड्यावरचा. आम्ही दोघं एकाच वर्षी लागलो, तो माझ्याआधी दोन महिने. वयाने सारखे. मी नाशिकरोडच्या कॉलनीतला, बोलायला फटकळ. तो दिवसभरात मोजकं बोलायचा. त्याच्या खिशात फडक्यात गुंडाळलेला एक काळा दगड असायचा, त्याच्या वडिलांचा. तो त्याला निसणा म्हणायचा. वडील त्याच्यावर विळे आणि कोयते लावायचे, हा आमचे चाकू लावायचा. माझा, त्याचा, आणि गॅंगमध्ये जो असेल त्याचा. मी एवढ्या वर्षांत स्वतःच्या चाकूला एकदाही धार लावली नाही. लाज वाटायची गोष्ट आहे, पण तेव्हा वाटायची नाही. न्हाव्याने स्वतःचे केस कापावेत का, असं मी वर तोंड करून म्हणायचो.

तो धार एकाच अंगाने लावायचा. केबलला टेकणारी बाजू सपाट, उतार फक्त वरच्या बाजूला. दोन्हीकडून उतार दिला तर पातं आत घुसतं, हे त्याचं म्हणणं. दगड ओला करायचा, चाकू त्याच्यावर एका कोनात धरायचा आणि तो कोन शेवटपर्यंत सोडायचा नाही. घासता घासता धारेच्या पलीकडे पोलादाची बारीक किनार उलटते, बोटाला खरखरीत लागते. सपाट बाजू दगडावर निजवून एकदा फिरवली की ती निघते. धार बघायची ती अंगठ्याच्या नखावर. नखावर चाकू घसरला तर धार नाही, अडला तर आहे. आणि एवढं सगळं झाल्यावर तो एक उलटंच काम करायचा. लावलेली धार सागाच्या ढलपीवरून एकदा, फक्त एकदा, हलक्या हाताने ओढायचा. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ओरडलो होतो, अरे लावलेली धार घालवतोस काय? तो म्हणाला, नवी धार पेटलेली असते, तिला शांत करावं लागतं, नाहीतर ती काळं-पांढरं बघत नाय. असा माणूस. आणि ह्याला म्हणे केबल कळत नव्हती.

आता खड्ड्याकडे येतो.

पंचवटीत भाजीबाजाराच्या अलीकडच्या गल्लीत आम्ही एक जॉइंट केला, थंडीच्या दिवसांत. भोये त्याआधी आठ दिवस रजेवर होता, गावी भात झोडायला. त्या आठ दिवसांत मी दुसऱ्या एका खड्ड्यात एकटा होतो आणि तिथे मी एक हलकटपणा केला. लोखंडी पट्टी उचकटायला पकड शोधायचा कंटाळा आला, म्हणून सरळ चाकू तिच्याखाली घातला आणि उचकटली. पट्टी निघाली, आणि माझ्या चाकूच्या धारेला, टोकापासून दोन बोटांवर, खाच पडली. तांदळाच्या कणीएवढी. म्हटलं भोये आला की देऊ घासायला.

भोये आला तो हरसूलच्या एसटीतून उतरून थेट खड्ड्यावर. माझा चाकू बघितला आणि म्हणाला, दे, दोन मिनटात खाच काढून देतो. वर आमचे उपअभियंता साहेब उभे होते. कुणी मोठे पाहुणे येणार होते, त्यांच्या आत लाइन चालू करायची होती, आणि साहेब दर पाच मिनिटांनी घड्याळ बघून आमच्या डोक्यावर ओरडत होते. मी भोयेला म्हणालो, राहू दे, चालतंय. तुम्ही म्हणाल, साहेबांची घाई. साहेबांची घाई होतीच, पण राहू दे म्हणणारं तोंड माझं होतं. मला दाखवायचं होतं की पगारेला धारेवाचूनही अडत नाही.

जॉइंटला दोन बाजू असतात. गोदावरीकडची बाजू मी सोलली, बाजाराकडची त्याने. खाच असलेला चाकू सरळ जात नाही, अडतो. अडला की माणूस जोर देतो. मी जोर दिला. लोक समजतात धारदार चाकू धोक्याचा. अहो, धारदार चाकूला जोर लागत नाही, म्हणून तो ताब्यात राहतो. घात करतो तो धार गेलेला. हे मला माहीत होतं, मी इतरांना शिकवायचो. गॅसवर गरम करून स्लीव्ह आवळल्या, लाइन चालू झाली, साहेब खूश. जॉइंटवर जॉइंटरच्या नावाचा पत्र्याचा टॅग बांधतात. दोन महिन्यांनी का होईना भोये सीनियर, म्हणून टॅग त्याच्या नावाचा. खाच मी नंतरही हट्टाने त्याला काढू दिली नाही, ती जागा चुकवून चाकू चालवायचो.

ऐन उन्हाळ्यात, भर दुपारी, तो जॉइंट फुटला. फरशा उडाल्या, धूर झाला, अर्धी पंचवटी रात्री उशिरापर्यंत विजेविना. फरशीवर बसणारी एक कोथिंबीरवाली मावशी नेमकी तेव्हा पाणी आणायला उठली होती, म्हणून वाचली. तिची टोपली काळी पडली. आम्ही पोचलो तेव्हा ती कमरेवर हात देऊन उभी होती आणि आम्हा सगळ्यांचा उद्धार करत होती. म्हणाली, जमिनीत काय पुरून ठेवता रे मेल्यांनो, आणि वर आम्हाला बसवता. त्या दिवशी खरं बोलली ती एकटीच.

जळका जॉइंट उकरून यार्डात आणला आणि साहेबांसमोर कापला. तीन तारांपैकी एक पार जळून गेलेली, पण दोन शाबूत होत्या. त्यांच्यावरच्या स्लीव्ह सोलून काढल्या. बाजाराकडची बाजू स्वच्छ, बघत राहावी अशी. आणि गोदावरीकडच्या बाजूला दोन्ही तारांवर गोल रेघ काळ्यातून पांढऱ्यात उतरलेली. काळ्या थराची कड जिथे तासली होती तिथे दर फटक्याला एक बारीक उभा तंतू उभा राहिलेला, केसासारखा. धारेला खाच असली की असा तंतू राहतो. मी तो लांबूनच ओळखला. माझ्या चाकूची ती सही होती.

साहेब वाकून बघत म्हणाले, हातच्या कांकणाला आरसा कशाला, पांढऱ्यात घुसलंय हे. जॉइंटर कोण? कुणीतरी टॅग वाचला. साहेब सरळ उभे राहिले आणि भोयेकडे न बघता, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "डोंगरातल्या लोकांच्या हातात अकरा हजाराची केबल दिली की असंच होणार."

त्या दिवशी माझे हात खिशात होते. मी गप्प बसलो. रिटायर व्हायला वर्ष राहिलं होतं. पगारेचा जॉइंट फुटत नाही, असं सगळ्या डिव्हिजनमध्ये बोललं जायचं आणि मला ते ऐकायला आवडायचं. भोयेने त्या तारेकडे एकदा बघितलं, मग माझ्या कमरेच्या चाकूकडे एकदा. त्याने तर पाचशे वेळा तो हातात घेतलेला. साहेबांच्या तोंडावर त्या वाक्यासाठी थुंकायला पाहिजे होतं, ते मी केलं नाही, आणि साधं एक वाक्य बोलायला पाहिजे होतं, तेही केलं नाही.

चार दिवसांत ऑर्डर निघाली. भोये यांना जॉइंटिंगवरून काढून स्टोअरला घ्यावं, हत्यारं जमा करावीत.

ऑर्डर निघायच्या आधीच, त्याच यार्डाच्या दिवशी, मी घरी जाताना हार्डवेअरच्या दुकानातून दगड घेतला. मागच्या पायरीवर बसून चाकू घासायला लागलो. खाच जाईपर्यंत घासला. कोन धरता येत नव्हता, धार दोन्ही अंगांनी गोल होत गेली, पण खाच गेली. मंगल दारात येऊन उभी राहिली. एवढ्या संसारात तिने मला धार लावताना पाहिलं नव्हतं. म्हणाली, "भोयेभाऊजी गावी गेलेत का?" मी तिच्या अंगावर खेकसलो. ती आत निघून गेली.

ज्या दिवशी भोयेने हत्यारं जमा केली त्या दिवशी मी कशाला तरी स्टोअरमध्ये गेलो होतो. रजिस्टर उघडं होतं. त्यात लिहिलं होतं, चाकू, जुना, एक नग. आमच्यात रिटायर होणाराही वापरातला चाकू जमा करत नाही, घरी नेतो. तो हाताला बसलेला असतो, दुसऱ्याला चालतही नाही. भोयेचा चाकू तिथे मोडक्या पकडींच्या डब्यात आडवा टाकलेला होता. माझ्या डोक्यात तिडीक गेली. स्टोअरकीपरवर गेली, साहेबावर गेली, आणि शेवटी जिथे जायची तिथे गेली. मी तसाच साहेबांच्या केबिनमध्ये घुसलो आणि उभ्या उभ्या सांगितलं, की साहेब, ती बाजू भोयेची नाही, माझी. ती रेघ माझ्या चाकूची. माझ्या धारेला खाच होती, तिचा तंतू त्या तारेवर आहे, बघून घ्या.

साहेब म्हणाले, दाखवा चाकू.

मी काढून टेबलावर ठेवला. त्यांनी तो उजेडात धरला, फिरवून बघितला. धार सलग होती, मीच केली होती. साहेबांनी चष्मा काढला, माझ्याकडे बघितलं आणि हसले. म्हणाले, "पगारे, मित्र असावा तर असा. पण नोकरीत असं चालत नाही. जा, चहा घ्या."

मी सांगितलं की खाच मी घासून काढली. ते म्हणाले, हो हो, कळलं. मी लेखी देतो म्हणालो. ते म्हणाले, तुमचं मन मोठं आहे, पण वर्ष राहिलंय, पेन्शनचं बघा. खरं घेऊन गेलो तर ते खोटं ठरलं, आणि खोटं म्हणून त्याचं कौतुक झालं. शिव्या खायला गेलेल्या माणसाला शाबासकी देऊन बाहेर काढलं. मी लेखी अर्जही दिला. तो फाइलला लागला की कचऱ्याला, मला शेवटपर्यंत कळलं नाही.

वर्षाने माझा निरोप समारंभ झाला. शाल, नारळ, समोसे. साहेब भाषणाला उभे राहिले आणि ही गोष्ट सांगितली. पगारे कसे सोबत्याला वाचवायला स्वतःवर आळ घ्यायला आले, असा जिव्हाळा आता कुठे राहिला आहे, वगैरे. लोकांनी टाळ्या वाजवल्या. दोघं-तिघं डोळे पुसत होते. मी उठून माइक घ्यायला हवा होता. एवढा फटकळ माणूस मी, कुणालाही काहीही सुनावणारा. मी शाल नीट केली आणि हात जोडले. तिसऱ्या रांगेत टोकाला भोये बसला होता, स्टोअरच्या निळ्या शर्टात. तोही टाळ्या वाजवत होता, सगळ्यांबरोबर सुरू करून सगळ्यांबरोबर थांबवत होता.

बाहेर सायकल स्टँडपाशी तो माझी वाट बघत थांबला होता. म्हणाला, चाकू बघू. मी दिला. त्याने नखावर धार टेकवली. ती घसरली. त्याने पातं डोळ्यांपाशी नेऊन जिथे खाच होती तिथेच अंगठा ठेवला.

"दोन्हीकडनं घासलास," तो म्हणाला.

मला राहवलं नाही. मी त्याच्यावरच चिडलो. म्हटलं, तुला पहिल्या दिवसापासून माहीत होतं, यार्डात उभा होतास, साहेब तुझी जात काढल्यासारखं बोलला, तू का बोलला नाहीस?

तो चिडला नाही. म्हणाला, "खाच माझी असती तर मी बोललो असतो. खाच तुझी व्हती."

मग त्याने खिशातून फडकं काढलं आणि ते माझ्या हातातल्या शालीवर, नारळाशेजारी ठेवलं. आत दगड होता. मी म्हटलं, हा तुझ्या वडिलांचा, मला नको. तो म्हणाला, "माझ्याजवळ चाकू कुठं राहिला? दगड ठिवून काय करू?" आणि पाच वाजताची हरसूल गाडी गाठायला निघून गेला.

तर संपादकबाई, चाकू कसा निवडायचा ते वर सांगितलं. धार कशी लावायची तेही, मी बघितलं तेवढं, सांगितलं. कृती बरोबर आहे, पण ती लावणारा मी नव्हे, हे त्याखाली छापा. आणि हेही छापा, की पंचवटीतला तो जॉइंट सखाराम भोयेने बिघडवला नाही, मी बिघडवला. साहेबांना पुरावा पाहिजे होता, तो मी घासून टाकला. आता माझ्याकडे हे लिहिणं एवढंच आहे. अंकाच्या दोन प्रती पाठवा. एक त्या साहेबांना द्यायची आहे, तेही रिटायर झालेत, वाचायला वेळ असेल. दुसरी घेऊन मी हरसूलला जाणार आहे, सोबत दगड आणि चाकू. तो धार लावून देईल की नाही, माहीत नाही. मी मागणार नाही. दगड तेवढा त्याच्या हातात ठेवीन.